घरात शुगर आहे

आमच्या घरात शुगर दोघांना आहे. बाबांना बावीस वर्षं झाली, माझ्या लॅपटॉपला गेल्या पावसाळ्यात लागली. बाबांची शुगर कुळगावच्या एका लॅबमध्ये उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजतात. मग कागद येतो, आणि आई तो देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवते. लॅपटॉपच्या शुगरचा कागद मात्र मीच लिहितो. वहीचं एक सुटं पान आहे. त्यावर आजवर बारा ओळी झाल्यात.

हे सगळं सांगायची सुरुवात आईमुळे झाली. मी फोनवर मित्राला सांगत होतो, "चढली रे एकदाची शुगर. आठवडा घेतला तिने." आई कणीक तिंबत होती. पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. "कोणाची चढली? किती निघाली?" मी हसलो, ते तिला आवडलं नाही. मग तिला समजावून सांगायला बसलो आणि सांगता सांगता लक्षात आलं, की गेला आठवडाभर आपण नेमकं काय करत होतो हे आपल्यालाच धड सांगता येत नाहीये.

शुगर म्हणजे लहान मुलांसाठी केलेला संगणकाचा दर्शनी भाग. एरवी संगणक उघडला की फोल्डर, फायली, कचऱ्याचा डबा अशी एखाद्या कचेरीची मांडामांड समोर येते. शुगरमध्ये कचेरी नाही. मधोमध एक माणूस आहे, वर ओ आणि खाली एक्स. गोल डोकं आणि पसरलेले हातपाय. त्याच्याभोवती चित्र काढ, लिही, गाणं वाजव, मोज अशा कामांचं रिंगण. केलेलं काम सांभाळून ठेवायची आठवण मुलाला ठेवावी लागत नाही, ते आपोआप रोजनिशीत जातं. दर मुलामागे एक लॅपटॉप असं स्वप्न निकोलस निग्रोपाँटी यांनी पाहिलं, त्या लॅपटॉपसाठी ही शुगर तयार झाली. पुढे 2008 साली वॉल्टर बेंडर यांनी शुगर लॅब्स काढली आणि शुगर त्या एका यंत्रापुरती राहिली नाही. कोणत्याही लिनक्सवर चढू लागली.

मला तिचा पत्ता लागला तो लोकलमध्ये. बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर. माझी नोकरी हिशेबनिसाची, पण रोजच्या दोन फेऱ्यांत माणूस काय काय वाचतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. असंच एकदा वाचनात आलं, की 2007 साली भारतात हे लॅपटॉप पहिल्यांदा मुलांच्या हातात पडले ते रायगड जिल्ह्यातल्या खैरात-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत. आमचे रूळ वांगणीपुढे ठाणे जिल्हा सोडतात, शेलूपासून रायगड लागतो. म्हणजे जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत ज्याची चर्चा चालली होती, ती वस्तू आमच्याच बाजूच्या एका वाडीतल्या पोरांनी हाताळली होती, आणि त्या वर्षी मी बदलापूर स्टेशनवर खिडकीची जागा मिळावी म्हणून धावत होतो.

तो लॅपटॉप हिरवा-पांढरा होता, अँटेना सशाच्या कानांसारखे वर काढलेले. पडदा साडेसात इंचांचा, मेमरी 256 एमबी. आज खिशातला साधा फोनही त्याला सहज मागे टाकेल. पण त्याच्या कीबोर्डवर एक कळ होती, तशी मी दुसऱ्या कुठल्याच यंत्रावर पाहिलेली नाही. ती दाबली की समोर चाललेल्या पायथॉनमधल्या कार्यक्रमाचा कोड उघडायचा. घड्याळ उघडून आत काय आहे ते बघणाऱ्या पोराला आपल्याकडे धपाटा मिळतो. इथे उघडायचीच कळ दिली होती. ती कळ माझ्या डोक्यात राहिली. तिच्यामागे काय आहे ते पाहायचं ठरवलं आणि शुगरचा कोड घरच्या यंत्रावर मांडायला घेतला.

यंत्र उल्हासनगरचं. कॅम्प तीनच्या एका गाळ्यातून घेतलेला जुना लॅपटॉप, चालू हालतीत, बॅटरी सोडून. उल्हासनगरची वस्तू म्हटली की आमच्याकडे कोणीतरी तो जुना विनोद करतंच: मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. विनोद करणाऱ्याला बहुधा आठवत नाही, की फाळणीत सगळं मागे टाकून आलेली माणसं लष्कराच्या रिकाम्या बराकींत उतरवली गेली आणि 1949 साली त्या कॅम्पचं उल्हासनगर झालं. कॅम्पांचे आकडे तसेच राहिले, कॅम्प एक ते कॅम्प पाच. त्या माणसांना कोणी कशाचा फर्मा दिला नव्हता. फर्मा हा शिवणकामातला शब्द. कापड ज्याच्यावर ठेवून बेततात तो पुठ्ठ्याचा साचा. बाहेरची पँट विकत आणायची, शिवण शिवण उसवून पाठ, पुढा, खिसा, पट्टा वेगळा करायचा, पुठ्ठ्यावर उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी कापायला सुरुवात करायची. जग त्याला नक्कल म्हणालं. मला त्यात शिकायची भूक दिसते. दार बंद होतं म्हणून भिंतीवरून डोकावणं. शुगरमध्ये आता कोड दाखवणाऱ्या खिडकीतच प्रत काढायचं बटण आहे. आख्ख्या कार्यक्रमाची दुसरी प्रत निघते आणि ती तुमची, हवी तशी बदला. मूळ कर्त्यानेच फर्मा हातात दिला तर उसवायची गरज उरत नाही. उल्हासनगरला हे 1949 साली कोणी सांगितलं असतं तर?

असो. लॅपटॉप घरी आणला आणि आधी विंडोज काढून लिनक्स टाकलं. जुनी माणसं सांगतात, की घाटावरून येणारे स्वार इथे घोडे बदलायचे, म्हणून हे बदलापूर. खरंखोटं कोण जाणे, पण त्या रात्री आम्ही गावाच्या नावाला जागलो.

मग खरी परीक्षा सुरू झाली. शुगर वापरायची असेल तर ती तयार मिळते, एका हुकमात चढते. शुगर घडवायची असेल तर तिचे चार भाग एकेक करून आणावे लागतात: कामं साठवणारा, चित्रं-रंग पुरवणारा, हत्यारांचा आणि शेवटी खुद्द शुगर. प्रत्येक भाग आणायचा, तपासायला लावायचा, जुळवायचा, जागेवर बसवायचा. तपासणीतच गाडी अडते. यंत्र एका नावापाशी थांबतं आणि नम्रपणे सांगतं, हे सापडलं नाही. ते आणून द्यावं तर तीन पावलं पुढे जाऊन दुसऱ्या नावापाशी थांबतं. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच गोष्टी यंत्रात आधीच असतात, पण वापरणाऱ्यापुरत्या. खाणाऱ्याला पोळी पुरते, करणाऱ्याला पीठ, पोळपाट, लाटणं आणि पेटलेला गॅस लागतो. लिनक्समध्ये म्हणून एकाच गोष्टीच्या दोन पुड्या असतात. दुसरीच्या नावापुढे डेव्ह असं शेपूट. ते शेपूट ओळखायला माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

त्यात शुक्रवार. आमच्याकडे शुक्रवारी सकाळी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे पोरासोरांनाही पाठ आहे. मला सुट्टी होती, त्या नादात मी विसरलो. मोठा भाग अर्ध्यावर उतरला होता. पंखा थांबला, राउटरचे दिवे गेले, बॅटरी नसलेला लॅपटॉप काळा झाला. अर्ध्यावर तुटलेली ती प्रत पुढे जोडता येत नाही, पहिल्यापासून आणावी लागते. खाली कोणीतरी मोटर लावायची राहिली म्हणून ओरडत होतं. मी अंधाऱ्या पडद्यात माझंच तोंड बघत बसलो होतो.

बाबा शेजारी येऊन बसले. "किती दिवस झाले?"

"चार."

"पीस किती निघाले?"

"एकही नाही."

"मग बरोबर चाललंय," बाबा म्हणाले.

बाबा अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होते, शेवटची सोळा वर्षं टूलरूममध्ये. अंबरनाथ यंत्रांना ओळखणारं गाव आहे. तिथल्या एका सरकारी कारखान्याच्या नावातच मशीन टूल प्रोटोटाइप असे शब्द आहेत. आमच्या लहानपणी बाबा जेवताना शॉपमधल्या गोष्टी सांगायचे, तेव्हा सेटिंग हा शब्द दर दोन वाक्यांनी यायचा. बुश काढायला मशीनवर दोन मिनिटं लागतात, पण त्याच्या सेटिंगला कधी अख्खी शिफ्ट जाते. चकमध्ये जॉब बांधायचा, डायल लावून तो सेंटरला आणायचा, टूलची उंची बघायची, एक पीस काढायचा, मोजायचा, पुन्हा सैल करायचं. पहिला पीस ओके झाला की मग पाचशे पीस कोणीही काढेल. नवा साहेब आला की त्याला सकाळभर मशीन उभी दिसायची, तो वैतागायचा. जुन्या साहेबाला माहीत असायचं, की उभी मशीन काम करतेय.

"आणि टूलरूममधून बाजारात काहीच जात नाही बघ," बाबा म्हणाले. "आम्ही जिग करायचो, फिक्श्चर करायचो. गिऱ्हाइकाला ती कधी दिसली नाहीत. त्याला भोक बरोबर जागी पडलेलं दिसतं. ते बरोबर जागीच का पडलं, हे तो कशाला विचारेल?"

मी त्यांना विचारलं, सोळा वर्षं न विकणाऱ्या वस्तू करताना कंटाळा नाही आला? ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "कंटाळा कानस मारताना यायचा." आयटीआयमध्ये पहिले कित्येक आठवडे हातात नुसती कानस होती. लोखंडाचा एक ठोकळा, एक गुण्या, आणि घास घास घास. उजेडासमोर गुण्या लावायचा, फटीतून उजेड दिसला तर पुन्हा कानस. त्यातून शेवटी एक व्ही-ब्लॉक झाला. तो आमच्या घरात आहे, तळहाताएवढा. मी लहानपणी त्याच्या खाचेत गोट्या ठेवायचो. कारखान्यात कानशीला फाईलच म्हणायचे, त्यामुळे संगणकातल्या फायली ऐकल्या की बाबांना आजही आधी लोखंडाचा कीस आठवतो. शुगरमध्ये मुलांना फायली दिसतच नाहीत असं सांगितल्यावर ते म्हणाले, "चांगलं आहे. हात तरी सोलायचे नाहीत."

दुपारी वीज आली. मी पुन्हा बसलो, पण आता घाई नव्हती. एक सुटं पान घेतलं आणि बाबांनी सांगितल्याप्रमाणे सेटिंग लिहू लागलो. पहिली ओळ, कोणती पुडी आधी. दुसरी ओळ, कोणतं शेपूट. तिसरी, कुठे अडलं आणि कशाने सुटलं. कोडच्या वाटेवर थांबत थांबत चालल्याने काही गमती दिसल्या. शुगरच्या मुख्य भागाचं नाव ग्लुकोज, नमुन्याच्या कामांचं फ्रुक्टोज, आणि दोन्ही मिळून सुक्रोज. नावं ठेवणाऱ्यांना रसायनशास्त्र नीट येत होतं. आतल्या एका कप्प्याचं नाव जराबे. हा शब्द स्पॅनिश, अर्थ साखरेचा पाक. तो स्पॅनिशमध्ये अरबीतून गेला, आणि ज्या अरबी धातूपासून तो निघाला त्याचंच दुसरं पोर इराणमार्गे आपल्याकडे येऊन सरबत झालं. म्हणजे मी बदलापुरात बसून, उल्हासनगरच्या यंत्रावर, शुगरच्या कोडमधला सरबताचा कप्पा उघडत होतो. आई त्याच वेळी बाबांसाठी बिनसाखरेचं कोकम करत होती.

शुगर घडवण्याची एक पद्धत मला फार आवडली. नवी शुगर चालू यंत्राच्या अंगावर सोडत नाहीत. तिला एका खिडकीत चालवता येतं. तुमचा नेहमीचा पडदा जागेवर असतो, त्यात एक चौकट उघडते आणि चौकटीत एक वेगळाच संगणक जागा होतो. आत काहीही मोडलं, पडलं, भलतंच रंगलं तरी बाहेरचं घर शाबूत. मला वाटतं या सगळ्या खटाटोपाचं मर्म तेच असावं. मोडायला परवानगी असलेली एक खोली तयार करायची. आपल्या घरांत अशी खोली नसते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक वस्तू कामाची, प्रत्येक वस्तू जपून वापरायची. माझ्या पिढीने रेडिओ उघडला नाही, कारण रेडिओ एकच होता.

पुढच्या सोमवारी बाबांना घेऊन अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो. श्रावण होता, रांग होती. देऊळ शके 982 चं, म्हणजे इसवी सन 1060 चं. शिलाहार राजा माम्वाणीच्या काळचा शिलालेख तिथे सापडला, त्यावरून साल कळतं. बाहेरच्या भिंतीवर इंचभर जागा कोरी नाही. आत मात्र वीसेक पायऱ्या खाली उतरून गाभाऱ्यात जावं लागतं, आणि वर पाहिलं तर शिखर नाही, थेट आभाळ. पावसाची बारीक भुरभुर सरळ पिंडीवर येत होती.

बाबांनी भिंतीच्या एका कोपऱ्यावर अंगठा फिरवला, गुण्या लावल्यासारखा डोळा बारीक केला. म्हणाले, "हे करायला खाली केवढी टूलरूम असेल." मी कधी असा विचार केलाच नव्हता. दगड घडवायच्या पडव्या, छिन्न्या शेकायच्या भट्ट्या, दगड वर चढवायचे उतार, बांबूची परांची, मोजायच्या दोऱ्या. त्यातलं आज काही दिसत नाही. देऊळ पुरं झालं की परांची उतरवतात, तशी रीतच आहे. परांची राहिली तर काम अर्धवट वाटतं. लेखात राजाचं नाव येतं. छिन्नी शेकणाऱ्याचं येत नाही.

रांगेत उभं असताना माझ्या मनात ते पान होतं. आपण जी सॉफ्टवेअरं विकत घेतो ती परांची उतरवलेली देवळं असतात, बाहेरून हात लावायचा आणि नमस्कार करायचा. शुगरसारख्या मुक्त कामात परांची तशीच ठेवलेली असते. कोणी, कोणत्या दिवशी, कोणता दगड हलवला आणि का हलवला, त्याची नोंद ओळीओळीला नावानिशी असते. कालची चूकही असते. बांबू डगमगतात, दोऱ्या जुन्या झालेल्या असतात, कुठे काय बांधलंय ते कळायला चार दिवस जातात. पण चढता येतं. खैरातच्या पोरांच्या बोटाखाली जी कळ होती, ती त्या परांचीवर नेणारी शिडी होती. त्यातल्या किती जणांनी ती दाबली असेल, दाबून किती जण भांबावले असतील? ती पोरं आता पंचविशीच्या आसपास असतील. एखादं कधीतरी कर्जत लोकलमध्ये माझ्या शेजारी उभंही राहिलं असेल.

घरी आलो आणि रात्री चौथा भाग जागेवर बसला. चौकट उघडली, मधोमध तो हातपाय पसरलेला माणूस उभा राहिला. आता पहिला पीस. काहीतरी बदलायचं, म्हणजे बदल खरंच पोचतोय हे कळेल. त्या माणसावर बाण नेला की एक छोटी यादी खुलते, तिच्यात यंत्र बंद करायची एक ओळ असते. जराबेच्या कप्प्यात ती ओळ शोधली. इंग्रजीतला शब्द पुसला, तिथे मराठीत लिहिलं, झोपा आता. पुन्हा जुळवलं, पुन्हा बसवलं, चौकट बंद करून उघडली, बाण माणसावर नेला.

झोपा आता.

आईला बोलावून दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "बरोबर आहे, साडेअकरा वाजलेत." बाबांनी बराच वेळ पाहिलं. मग कपाटातून व्ही-ब्लॉक काढून आणला आणि माझ्या पानावर ठेवला, पंख्याने उडू नये म्हणून. ज्या जिग-फिक्श्चरवर त्यांची सोळा वर्षं गेली ती कारखाना बंद झाल्यावर भंगारात गेली. हा एवढा ठोकळा स्वतःच्या हाताने घासलेला, म्हणून राहिला.

तो बदल मी कोणाला पाठवलेला नाही, पाठवण्यासारखा नाहीच तो. जुन्या काही कामांचा कोड आता चालत नाही, कारण ती पायथॉनच्या आधीच्या पिढीत लिहिलेली आहेत. त्यातलं एखादं दुरुस्त करावं असं मनात आहे. पान व्ही-ब्लॉकखाली आहे. बारा ओळी सेटिंगच्या झाल्या, तेरावी कोरी आहे. येत्या शुक्रवारी वीज जायच्या आधी बसायचं ठरवलंय.